घरगुती प्रवाळ-मत्स्यालयातील प्रवाळांचा ऱ्हास : कारणमीमांसा व उपाययोजना

सारांश

घरगुती मत्स्यालयातील प्रवाळ निस्तेज होऊ लागले की त्याचे कारण बहुधा एखाद्या रोगात शोधले जाते. प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा पाण्याच्या अस्थैर्यात असते. प्रस्तुत लेखात ऱ्हासाची लक्षणे, तपासणीचा क्रम आणि दुरुस्तीची पद्धती यांचे विवेचन केले असून, घाईने केलेला उपाय हा मूळ दोषाइतकाच घातक ठरू शकतो, हे स्पष्ट केले आहे.

बीजसंज्ञा : प्रवाळ, सहजीवी शैवाल, अल्कता, पोषकद्रव्ये, जलस्थैर्य

प्रस्तावना

प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या ऊतींमध्ये सूक्ष्म शैवाल वास करते आणि प्रकाशसंश्लेषणातून तयार झालेल्या अन्नाचा मोठा वाटा यजमानास पुरवते. प्राणी, शैवाल आणि चुन्याचा सांगाडा या तिन्हींच्या गरजा एकाच वेळी भागवाव्या लागत असल्याने प्रवाळांची जोपासना मासे पाळण्याहून अवघड ठरते. जर्मनीत विकसित झालेल्या ‘बर्लिन पद्धती’ने सजीव खडक, प्रोटीन स्किमर व प्रखर प्रकाश यांच्या साहाय्याने कठीण प्रवाळ घरी जगवणे शक्य केले. युरोप व अमेरिकेत हा छंद चांगलाच रुजला आहे. भारतात मात्र सर्व कठीण प्रवाळ व समुद्रपंखे यांचा २००१ साली वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत समावेश झाला असून ते समुद्रातून काढणे व बाळगणे हा गुन्हा आहे. त्यामुळे पुढील विवेचन, जेथे प्रवाळांचे संवर्धित तुकडे कायदेशीररीत्या मिळतात अशा देशांतील मत्स्यालयांसंबंधी आहे.

लक्षणे व त्यांचा अर्थ

ऱ्हासाची लक्षणे ढोबळमानाने चार प्रकारची असतात.

१. रंग उडणे : सहजीवी शैवाल नाहीसे झाल्याने पांढरा सांगाडा पारदर्शक ऊतींतून दिसू लागतो. अतिउष्णता, एकाएकी वाढलेला प्रकाश किंवा पोषकद्रव्यांचे दुर्भिक्ष ही त्याची प्रमुख कारणे होत.

२. तपकिरी छटा येणे : नायट्रेट व फॉस्फेट वाढल्यास अथवा प्रकाश अपुरा पडल्यास शैवालाचे प्रमाण वाढते व मूळ रंग झाकला जातो.

३. ऊती सुटणे : बुंध्याकडून सावकाश सुरू होणारी झीज बहुधा अल्कतेतील चढउतार किंवा मंद जलप्रवाह सुचवते. शाखायुक्त प्रवाळांत हीच क्रिया कधी एका दिवसात संपूर्ण वसाहत नष्ट करते.

४. पॉलिप न उमलणे : परजीवी, माशांचे टोचणे, तांब्यासारखे धातू किंवा शेजारच्या मृदू प्रवाळांनी पाण्यात सोडलेली रसायने यांचा येथे संशय घ्यावा लागतो.

तपासणीचा क्रम

प्रथम तापमान व क्षारता तपासणे इष्ट होय. तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस आणि क्षारता दर हजारी सुमारे ३५ भाग असावी. बाष्पीभवनात केवळ पाणी उडते, मीठ मागे राहते. म्हणून घट गोड्या, शुद्ध केलेल्या पाण्यानेच भरून काढावी लागते. क्षारता मोजणारे उपकरण प्रमाणित द्रावणावर पडताळलेले नसल्यास पुढील सर्व निष्कर्ष डळमळीत होतात.

त्यानंतर अल्कता, कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे मापन करावे. आम्ल सामावून घेण्याची पाण्याची क्षमता म्हणजे अल्कता. समुद्राच्या पाण्यात ती सुमारे ७ डीकेएच, कॅल्शियम लिटरमागे सुमारे ४२० मिलिग्रॅम व मॅग्नेशियम सुमारे १३०० मिलिग्रॅम असते. सांगाडा घडताना २.८ डीकेएच अल्कता खर्च झाली की लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम खर्च होते. म्हणजेच अल्कता ७ वरून ४.२ वर, ४० टक्क्यांनी, घसरते तेव्हा कॅल्शियम ४२० वरून ४०० वर, जेमतेम ५ टक्क्यांनी, उतरलेले असते. केवळ कॅल्शियम मोजून निश्चिंत राहणाऱ्या पालकाची फसगत येथेच होते. मॅग्नेशियम कमी असल्यास चुना पाण्यातच आपोआप साकळतो आणि वरील दोन्ही घटक टिकत नाहीत.

तिसरी पायरी पोषकद्रव्यांची. नायट्रेट व फॉस्फेट शून्यावर आणणे हेच पूर्वी आदर्श मानले जाई. तथापि, फॉस्फेटचे दुर्भिक्ष आणि नायट्रेटचे आधिक्य एकत्र आल्यास प्रवाळ उष्णता व प्रकाश यांमुळे अधिक सहजपणे विरंजित होतात, असे २०१३ मधील संशोधनाने दाखवून दिले. अखेरीस प्रकाश व प्रवाह पाहावेत आणि रात्री विजेरीच्या उजेडात परजीवींचा शोध घ्यावा. अ‍ॅक्रोपोरा प्रवाळांवर उपजीविका करणारा चपटा कृमी यजमानाच्या रंगात मिसळून जात असल्याने सहसा नजरेस पडत नाही. त्याने खाल्लेल्या जागेवरील फिकट ठिपके तेवढे दिसतात.

उपाययोजना

दोष सापडल्यावर तो एका दिवसात दूर करण्याचा मोह आवरणे अगत्याचे आहे. अल्कता दिवसाला १ डीकेएचपेक्षा अधिक वाढवू नये. नवे एलईडी दिवे प्रारंभी मंद ठेवून काही आठवड्यांत तीव्रता वाढवावी. फॉस्फेटशोषक अल्प मात्रेनेच वापरावा. एका वेळी एकच बदल करून त्याची नोंद ठेवल्यास कोणत्या उपायाने गुण आला हे कळते; अनेक द्रव्ये एकदम ओतल्यास ते कधीच कळत नाही. या नियमास अपवाद दोन : पाण्यात विषारी द्रव्य मिसळल्याचा संशय असल्यास पाण्याचा मोठा हिस्सा तत्काळ बदलून सक्रिय कोळसा वापरावा; आणि ऊती वेगाने सुटत असल्यास निरोगी भागातून फांदी छाटून वेगळी करावी. उशीर झाल्यास वाचवण्याजोगे काहीच उरत नाही.

निष्कर्ष

प्रवाळांना आदर्श आकड्यांपेक्षा स्थिर आकडे अधिक मानवतात. ८ डीकेएचवर टिकून राहिलेले पाणी हे ७ व १० यांमध्ये हेलकावणाऱ्या पाण्यापेक्षा श्रेयस्कर होय. मत्स्यालयातील हा धडा समुद्रासही लागू पडतो. एप्रिल २०२४ मध्ये चौथ्या जागतिक प्रवाळ-विरंजनाची घोषणा झाली, तिचे मूळही समुद्राच्या वाढलेल्या तापमानातच होते. सिंधुदुर्गातील मालवणच्या सागरी अभयारण्यातील प्रवाळांनाही हाच धोका आहे. मत्स्यालयाचा पालक पाणी थंड करणारे यंत्र सुरू करू शकतो. मालवणच्या समुद्रासाठी असा कोणताही उपाय उपलब्ध नाही.