कर्ल या फाइल-हस्तांतरण साधनाची मांडणी : फ्लॅग, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल व त्यांचा अग्रक्रम

प्रस्तावना :
कमांड लाइनवरून फाइल पाठविण्याच्या व आणण्याच्या साधनांत ‘कर्ल’ हे एक अत्यंत परिचित साधन होय. स्वीडनमधील डॅनियल स्टेनबर्ग यांनी मार्च १९९८ मध्ये ते या नावाने प्रसिद्ध केले. लिनक्स व मॅकवर ते सर्रास आढळते आणि २०१८ पासून विंडोज १० मध्येही ते अंतर्भूत झाले. मात्र आपल्या प्रात्यक्षिकांत त्याचा परिचय एक आज्ञा व एक यूआरएल एवढ्यावरच आटोपतो. या साधनास सूचना किती मार्गांनी मिळतात आणि दोन सूचनांत विरोध आल्यास कोणती ग्राह्य धरली जाते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात त्याचेच विवेचन केले आहे. लेखनास निमित्त मात्र प्रस्तुत लेखकाच्या स्वतःच्याच एका चुकीचे आहे.

सूचनांचे तीन मार्ग :
पहिला मार्ग फ्लॅगचा. आज्ञेसोबत लिहिलेला फ्लॅग त्या एका आज्ञेपुरताच जगतो. दुसरा मार्ग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचा. शेलमध्ये ‘एक्स्पोर्ट’ केलेले व्हेरिएबल ते सत्र संपेपर्यंत टिकते व त्या शेलमधून सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमकडे वारशाने जाते. तिसरा मार्ग वापरकर्त्याच्या होम डिरेक्टरीतील ‘.कर्लआरसी’ या फाइलचा. तिच्यातील ओळी कोणी पुसेपर्यंत लागू राहतात.

अग्रक्रम असा : कर्ल प्रथम ‘.कर्लआरसी’ वाचते, नंतर कमांड लाइन. एकच मूल्य घेणारा पर्याय दोन्हीकडे असल्यास नंतरचा, म्हणजे कमांड लाइनवरील, मानला जातो. प्रॉक्सीसाठीचे व्हेरिएबल या दोन्ही ठिकाणी प्रॉक्सी दिलेली नसेल तरच विचारात येते. लहान ‘एक्स’ या फ्लॅगला रिकामे मूल्य दिल्यास व्हेरिएबल असूनही प्रॉक्सी टाळली जाते. फाइलच वाचायची नसेल तर लहान ‘क्यू’ हा फ्लॅग द्यावा, परंतु तो आज्ञेत सर्वप्रथमच यावयास हवा.

अकरा रात्रींचा अनुभव :
एका महाविद्यालयात संगणक विभागातील प्रात्यक्षिकांच्या फाइली दररोज रात्री बाहेरील सर्व्हरवर पाठविण्याची स्क्रिप्ट प्रस्तुत लेखकाने लिहिली होती. ती क्रॉनद्वारे चाले. पुढे तेथील नेटवर्कवर प्रॉक्सी बसविण्यात आली. लेखकाने ‘.बॅशआरसी’ या फाइलमध्ये ‘एचटीटीपीएस_प्रॉक्सी’ हे व्हेरिएबल घातले, स्क्रिप्ट हाताने चालवून पाहिली, ती चालली आणि विषय संपला असे मानले.

क्रॉन ‘.बॅशआरसी’ वाचत नाही. ते प्रत्येक कामास मोजकीच व्हेरिएबल देते. परिणामी त्याच रात्रीपासून कर्ल प्रॉक्सीविना थेट बाहेर जाऊ पाहत होते आणि सर्व्हरचे नावच न सापडल्याने एक्झिट कोड ६ देऊन थांबत होते. हा कोड स्क्रिप्टमध्ये तपासलेला नव्हता. शिवाय क्रॉनचे मेल नकोत म्हणून लहान ‘एस’ हा मूक फ्लॅग लावला होता. त्याने प्रगतिपट्टीबरोबर त्रुटीसंदेशही गिळले. बाराव्या दिवशी विभागाच्या संगणकाची हार्ड डिस्क निकामी झाली, तेव्हा बाहेरची शेवटची प्रत अकरा रात्रींपूर्वीची निघाली. मधल्या काळातील विद्यार्थ्यांचे काम परत मिळाले नाही. काहींना प्रात्यक्षिके पुन्हा लिहावी लागली, आणि त्यांची त्यात काडीचीही चूक नव्हती.

उपाय अवघड नव्हता. प्रॉक्सीची ओळ ‘.कर्लआरसी’मध्ये लिहिली असती तर ती क्रॉनलाही लागू झाली असती. लहान ‘एस’सोबत मोठा ‘एस’ दिल्यास त्रुटी तेवढ्या दिसतात. ‘फेल’ हा फ्लॅगही हवाच. तो नसल्यास सर्व्हरने ४०४ हा नकार कळविला तरी कर्लच्या लेखी काम यशस्वी ठरते व एक्झिट कोड शून्य येतो. तो दिल्यास २२ येतो. क्रॉनसाठीची आज्ञा तपासताना ती ‘एन्व्ह’ला लहान ‘आय’ देऊन, म्हणजे कोऱ्या परिसरात, चालवावी. मात्र मग होम डिरेक्टरीचे व्हेरिएबल तेवढे हाताने द्यावे, कारण क्रॉनही ते देतेच.

लहान अक्षरांचा आग्रह :
प्रॉक्सीची इतर व्हेरिएबल कर्ल लहान वा मोठ्या, कोणत्याही अक्षरांत स्वीकारते. ‘एचटीटीपी_प्रॉक्सी’ मात्र लहान अक्षरांतच लागते. हा लहरीपणा नव्हे. सीजीआय पद्धतीत ब्राउझरकडून आलेल्या प्रत्येक हेडरचे नाव मोठ्या अक्षरांत, मागे ‘एचटीटीपी_’ जोडून, व्हेरिएबल बनते. म्हणजे कोणी ‘प्रॉक्सी’ नावाचे हेडर पाठविले की सर्व्हरवरील प्रोग्रॅमची प्रॉक्सी परक्याच्या हाती जाते. कर्लमधील हा दोष २००१ मध्ये दाखविला गेला व दुरुस्त झाला. हाच दोष २०१६ मध्ये ‘एचटीटीपॉक्सी’ या नावाने इतर अनेक भाषांच्या लायब्ररींत पुन्हा उघडकीस आला, हे विचार करण्याजोगे आहे.

एका अक्षराचे अंतर आणि पासवर्ड :
लहान ‘के’ हा फ्लॅग प्रमाणपत्राची पडताळणी बंद करतो. मोठा ‘के’ सूचना फाइलमधून वाचतो. प्रमाणपत्राची त्रुटी आली की लहान ‘के’ लावून मोकळे होण्याची सवय प्रयोगशाळांत फार आहे. वास्तविक तेथे संस्थेचे प्रमाणपत्र ‘सीएसर्ट’ या फ्लॅगने किंवा ‘कर्ल_सीए_बंडल’ या व्हेरिएबलने द्यावयास हवे.

पासवर्ड फ्लॅगमध्ये लिहिल्यास तो शेलच्या इतिहासात उरतो. चालू प्रक्रियांच्या यादीतून तो लपविण्याचा प्रयत्न कर्ल करते, पण क्षणभर तो तेथेही दिसू शकतो. व्हेरिएबलमधील पासवर्ड इतर वापरकर्त्यांना दिसत नाही, परंतु एकच खाते सर्व विद्यार्थी वापरत असतील तर ‘एन्व्ह’ एवढी आज्ञा तो उघड करते. लहान ‘व्ही’ दिल्यावर कर्ल कोणत्या व्हेरिएबलमधून प्रॉक्सी घेतली ते मूल्यासह छापते, तेव्हा तो मजकूर मदतीसाठी कोणास पाठविण्यापूर्वी वाचून पाहावा. आमच्या विभागात आता पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये, ६०० ही परवानगी लावून ठेवला आहे व ती फाइल मोठ्या ‘के’ने वाचली जाते. प्रयोगशाळेच्या भिंतीवरील सूचनापत्रात छापलेला जुना पासवर्ड मात्र कागद काढून भागणारा नव्हता, तो बदलावाच लागला.