कमी पैशांत शर्यतीची मोटार : काटकसर कोठे करावी, कोठे करू नये

शर्यतीची मोटार म्हटले की कोट्यवधी रुपये, परदेशी कंपन्या आणि श्रीमंतांची हौस एवढेच डोळ्यासमोर येते. पण या खेळाचा इतिहास वेगळे सांगतो. १९४८ साली कॉलिन चॅपमन या इंग्रज तरुणाने जुनी ऑस्टिन सेव्हन घेऊन एका साध्या गॅरेजमध्ये स्पर्धेची मोटार बांधली. त्यातूनच पुढे लोटस ही जगप्रसिद्ध कंपनी उभी राहिली. आपल्या देशात कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस मारुतीचे इंजिन वापरून एका आसनाची 'फॉर्म्युला मारुती' तयार केली. पुढे २००५ साली फॉर्म्युला वनपर्यंत पोहोचलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन याने सुरुवात याच गाडीवर केली होती.

पुण्यात नाना पेठ, भवानी पेठेपासून कोंढव्यापर्यंत आपल्या समाजातील कित्येक तरुण गॅरेजमध्ये फिटर, वेल्डर, डेंटर म्हणून राबतात. नाना पेठेत सुटे भाग, बुधवारी आणि रविवारी जुना बाजार, भोसरीत लेथ आणि फॅब्रिकेशनचे कारखाने. जे सामान इतर शहरांत शोधावे लागते, ते इथे हाकेच्या अंतरावर आहे. म्हणून या तरुणांसाठी हा हिशेब आम्ही मांडत आहोत.

इंजिन : येथे बचत करा

मारुती ८००चे उत्पादन २०१४ साली बंद झाले, पण तिचे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन आपल्या मेकॅनिकला तोंडपाठ आहे. इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढची चाके फिरवणारे शाफ्ट हा सारा संच एकत्र असतो. तो तसाच उचलून चालकाच्या पाठीमागे बसवला की मागच्या चाकांवर चालणारी मोटार होते. दुसरा मार्ग मोटारसायकलच्या इंजिनाचा. चाकणला बनणारे केटीएम ३९० ड्यूकचे इंजिन अनेक कॉलेजांचे संघ वापरतात. त्यात गिअर आतच असतात आणि चेनने थेट मागचा ॲक्सल फिरवता येतो.

इंजिनाची ताकद वाढवण्यात पैसा घालू नये. मारुतीची ३७ अश्वशक्ती साडेसहाशे किलोची गाडी ओढते. तेच इंजिन चारशे किलोच्या मोटारीत बसवले तर दर टनामागची ताकद ५७वरून ९२वर जाते. कमी केलेले वजन म्हणजे फुकट मिळालेली ताकद.

सांगाडा आणि ब्रेक : येथे बचत नको

पाण्याच्या नळाचा किंवा ग्रिलचा पाइप सांगाड्याला कधीही वापरू नये. विद्यार्थ्यांच्या 'बाहा' स्पर्धेच्या नियमांत चालकाभोवतीच्या मुख्य पाइपसाठी २५ मिलिमीटर व्यास, ३ मिलिमीटर जाडी आणि किमान ०.१८ टक्के कार्बन असलेले पोलाद हे मूळ माप धरले आहे. घरी बांधणाऱ्यानेही यापेक्षा खाली उतरू नये. पाइपांची मांडणी त्रिकोणात करावी. चौकोन दाबाने वाकडा होतो, त्रिकोण होत नाही. वाकवलेल्या जागी पाइपला सुरकुती पडली तर तो तुकडा बाद समजावा.

पोलाद कापण्याआधी प्लास्टिकच्या पाइपांचा पूर्ण आकाराचा नमुना बांधून त्यात चालकाला हेल्मेटसह बसवून पाहावे. डोक्यावरून जाणाऱ्या कमानीच्या टोकापासून पुढच्या कमानीपर्यंत दोरी ताणली तर ती हेल्मेटपासून किमान ५० मिलिमीटर वर राहिली पाहिजे.

ब्रेकच्या तेलाच्या नळ्या दोन स्वतंत्र भागांत असाव्यात, म्हणजे एक फुटली तरी दुसरी काम करते. चालक आणि इंजिन यांच्यामध्ये पत्र्याची भिंत, सहज हाताशी येणारे इंजिन बंद करण्याचे बटण, आग विझवण्याचे नळकांडे, हेल्मेट आणि नवे पट्टे हवेतच. आमच्या मते शंभर रुपयांतले पन्नास सांगाडा, ब्रेक आणि सुरक्षेवर घालावेत. इंजिनावर पंचवीस पुरेत. रंगरंगोटी सर्वांत शेवटी. जीव ही अल्लाहची अमानत आहे.

कागदपत्रे आणि कायदा

जुने इंजिन घेताना पावती आणि मूळ गाडीची कागदपत्रे मागून घ्या. स्वस्तात मिळाले म्हणून चोरीचा माल घरात आला तर पैसा जातो, पोलीस चौकीच्या फेऱ्या सुरू होतात, आणि तो माल हलालही नव्हे. जुनी गाडी कायमची मोडली तर मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवावे, असे मोटार वाहन कायदा सांगतो.

घरी बांधलेली मोटार रस्त्यावर आणता येत नाही. रस्त्यावरच्या प्रत्येक नव्या बनावटीला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची मान्यता लागते, आणि मूळ गाडीत मनाजोगते बदल करायलाही कलम ५२ची आडकाठी आहे. ही मोटार बंदिस्त ट्रॅकवर, आयोजकांच्या परवानगीनेच चालवावी. आपल्या गल्लीत रात्री ती पळवणे म्हणजे दुसऱ्याच्या मुलांच्या जिवाशी खेळ.

हौसेतून रोजगार

या मोटारीतून बक्षिसाची आशा धरू नये, आणि तिच्यासाठी व्याजाने कर्ज तर मुळीच काढू नये. तिची खरी कमाई हुनरात आहे. 'बाहा' आणि 'फॉर्म्युला भारत' या स्पर्धांसाठी पुण्यातील इंजिनिअरिंग कॉलेजांचे संघ मोटारी बांधतात. त्यांच्याकडे नकाशे आणि संगणक असतात. टिग वेल्डिंग, लेथवरचे काम, फायबरचा साचा यांसाठी मात्र त्यांना कारागीर लागतो. स्पर्धा हिवाळ्यात असल्याने पावसाळ्यानंतर त्यांची धावपळ वाढते. ज्या पोराने स्वतःच्या हाताने एक सरळ, सुरक्षित सांगाडा जोडला आहे, त्याने त्याचे फोटो आणि एक कापलेला जोड घेऊन कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये जावे. डिप्लोमा नसला तरी वेल्डिंगचा जोड स्वतः बोलतो. पहिले काम थोड्या नफ्यात करावे, पण वेळेवर द्यावे. पुढची कामे त्याच्याच शिफारशीने येतील, इन्शाअल्लाह.