सोळा वर्षांचा मार्टी आणि मैदानांचा हिशेब

पुण्यात रद्दीच्या दुकानांत किलोवर मिळणाऱ्या जुन्या अमेरिकन मोटरसायकल मासिकांपायी मी तरुणपणी बरेच पैसे घालवले आणि त्याहून जास्त दुपारी. या मासिकांत एक नाव अधूनमधून भेटायचं. दोन-चार ओळींत, कौतुकानं आणि थोड्या चुटपुटीनं घेतलेलं: मार्टी ट्राइप्स. हा जगज्जेता नव्हता, अमेरिकेचं राष्ट्रीय अजिंक्यपदही त्याला कधी मिळालं नाही. तरी डर्ट बाइक शर्यतींचा इतिहास लिहिणाऱ्या कुणालाही त्याला वगळता आलेलं नाही. असं का, हे शोधायला बसलो. एका पोरापासून सुरू झालेला हा शोध दुहेरी खुनाच्या खटल्यापर्यंत जाऊन पोचला.

आधीचा इतिहास भराभर उरकतो. इंग्लंडमध्ये कँबर्लीजवळच्या माळावर १९२४ साली मोटोक्रॉसची, म्हणजे मातीतल्या मोटरसायकल शर्यतींची, पहिली शर्यत झाली. १९५७ मध्ये ५०० सीसीची जागतिक स्पर्धा सुरू झाली, १९६२ मध्ये २५० सीसीची. मग स्वीडन आणि बेल्जियमच्या स्वारांची सद्दी. अमेरिका या सगळ्यात कुठेच नव्हती. १९६६ साली एडिसन डाय नावाच्या आयातदारानं आपल्या हुस्कवार्ना गाड्या खपवण्यासाठी स्वीडनच्या टॉर्स्टेन हॉलमनला कॅलिफोर्नियात आणलं. हॉलमन २५० सीसीचा जगज्जेता. दणकट गाड्या धूळभरल्या रस्त्यांवर दामटणाऱ्या स्थानिक स्वारांना त्यानं हलक्या गाडीवर उभं राहून उड्या मारून दाखवल्या आणि सगळ्यांना मागे टाकलं. कुंपणाला टेकून हे बघणाऱ्यांत लहान पोरं पुष्कळ होती. दोन वर्षांत यामाहाची डीटी-१ बाजारात आली, होंडाच्या पन्नास सीसीच्या खेळण्यातल्या वाटाव्यात अशा गाड्या अंगणात आल्या, आणि १९७१ मध्ये ब्रूस ब्राउनचा ‘ऑन एनी संडे’ हा माहितीपट थेटरांत लागला. त्याला स्टीव्ह मॅक्वीनचा पैसा होता आणि पडद्यावर खुद्द मॅक्वीनही. सुरुवातीलाच सायकलींवर धुरळा उडवत मोटरसायकलवाल्यांची नक्कल करणारी पोरं दिसतात. कॅलिफोर्नियात त्या वेळी नेमकं काय चाललं होतं, हे कळायला तेवढी दृश्यं पुरेत.

आता ८ जुलै १९७२. लॉस एंजेलिसचं कोलिझियम, म्हणजे १९३२च्या ऑलिंपिकचं मैदान. रॉक संगीताचे कार्यक्रम भरवणाऱ्या माइक गुडविननं तिथे ट्रकांनी माती आणून ओतली, उंचवटे रचले आणि शहरी माणसाला खुर्चीत बसून दिव्यांच्या उजेडात मोटोक्रॉस दाखवला. त्याआधी हा खेळ बघायचा तर गावाबाहेर जाऊन टेकडीवर उन्हात उभं राहावं लागे, आणि दिसे तो समोरून जाणाऱ्या वळणाचा एक तुकडा. कोलिझियममध्ये अख्खी शर्यत एका नजरेत मावत होती. गर्दी अठ्ठावीस-तीस हजारांच्या घरातली. युरोपातले नामांकित स्वार आले होते, हॉलमनही होता. जिंकला मात्र मार्टी ट्राइप्स. सोळा वर्षं पुरी होऊन काही दिवसच झालेला, सॅन दिएगोकडचा गुटगुटीत पोरगा.

सहा वर्षांपूर्वी ज्यानं अमेरिकेला हा खेळ शिकवला, त्याच्याच पुढे हा पोरगा निघून गेला. लेखकांना इथे चमत्कार दिसतो. मला दिसत नाही. दक्षिण कॅलिफोर्नियात तेव्हा कार्ल्सबॅड, सॅडलबॅक, इंडियन ड्यून्स, अॅस्कट असे ट्रॅक तासा-दोन तासांच्या अंतरावर पसरलेले होते. ज्याचा बाप पिकअपमध्ये गाडी टाकून न्यायला तयार, त्या पोराला एका आठवड्यात दोन-तीन ठिकाणी शर्यत मिळायची. युरोपातल्या मुलाला हिवाळाभर थांबावं लागे, इथे बारा महिने ऊन. सोळाव्या वर्षापर्यंत या मुलांचे हात-पाय किती वळणांमधून गेले असतील, त्याची गणती करायला नको. ट्राइप्सला घडवलं ते या ट्रॅकांनी. त्याच भागातला, त्याच वयाचा, त्याच नावाचा दुसरा पोरगा मार्टी स्मिथ. त्यानं १९७४ मध्ये हायस्कुलात असतानाच १२५ सीसीचं पहिलं राष्ट्रीय अजिंक्यपद घेतलं. एका गल्लीत दोन चमत्कार होत नसतात.

ट्राइप्सनं पुढच्या वर्षी होंडावरून कोलिझियम पुन्हा जिंकलं. त्यानंतर त्यानं कंपन्या बदलल्या, हार्ली-डेव्हिडसनसुद्धा चालवून झाली. व्यायामाशी त्याचं जमलं नाही. १९७८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या उनाडिला इथे २५० सीसीची अमेरिकन ग्रांप्री जिंकणारा तो पहिला अमेरिकन ठरला. मोठ्या दिवशी सगळ्यांना हरवायचं आणि हंगामभर गुण गोळा करायचा कंटाळा करायचा, असा त्याचा एकूण हिशेब. स्पर्धेच्या जगात याला वाया गेलेली गुणवत्ता म्हणतात. सोळाव्या वर्षी तीस हजार माणसांसमोर जिंकलेल्या मुलाला पुढे रोज पहाटे उठून पळावंसं का वाटावं, हा प्रश्न कुणी विचारलेला मला सापडला नाही.

पोरं जिंकत होती तेव्हा पैसे कोण मोजत होतं? गुडविन. १९७४ पासून स्टेडियममधल्या शर्यतींची राष्ट्रीय मालिका सुरू झाली आणि या सुपरक्रॉसचा जनक म्हणून तो मिरवू लागला. १९८४ मध्ये त्यानं मिकी थॉम्प्सनशी भागीदारी केली. मिकी हा मोटारवेड्या अमेरिकेचा लाडका माणूस. १९६० मध्ये बॉनव्हिलच्या मिठागरावर त्यानं ताशी ४०० मैलांचा वेग ओलांडला होता आणि पुढे स्टेडियममध्ये ऑफ-रोड ट्रकांच्या शर्यती भरवल्या. दोघांचा धंदा एकच: माती आणायची, तिकिटं विकायची, माती न्यायची. भागीदारी वर्षभरही धड टिकली नाही. थॉम्प्सन कोर्टात गेला. निकाल त्याच्या बाजूनं लागला आणि गुडविनला पाच लाख डॉलरांहून जास्त देणं बसलं. अपिलं झाली, दिवाळखोरीचे अर्ज झाले, देणं काही चुकलं नाही.

१६ मार्च १९८८च्या सकाळी ब्रॅडबरीतल्या राहत्या घरासमोर मिकी आणि त्याची बायको ट्रूडी यांना दोन बुरखेधाऱ्यांनी गोळ्या घातल्या. मारेकरी पळाले ते सायकलींवरून. ते दोघं आजतागायत सापडलेले नाहीत. संशय होता तो गुडविनवर. तो नौका घेऊन अमेरिकेबाहेर निघून गेला, परत आला. मिकीची बहीण कॉलीन कॅम्बेल, जी पुढे सान हुआन कापिस्त्रानोची महापौर झाली, तिनं तपास थंड पडू दिला नाही. २००१ मध्ये गुडविनला अटक झाली. खटला चुकीच्या काउंटीत दाखल झाला म्हणून वरच्या कोर्टानं तो रद्द केला, मग लॉस एंजेलिसमध्ये नव्यानं उभा राहिला. अखेर जानेवारी २००७ मध्ये ज्यूरीनं गुडविनला दोन्ही खुनांबद्दल दोषी ठरवलं. शिक्षा पॅरोलविना दुहेरी जन्मठेपेची. आपण निर्दोष असल्याचं तो सांगत राहिला. पुरावा सारा परिस्थितिजन्य होता, पण वैर एवढं उघडं होतं की ज्यूरीला तो पुरला.

या भांडणात मुलं कुठेच नाहीत, आणि मला नेमकं तेच खटकतं. स्टेडियमच्या मातीवरून मोठी माणसं एकमेकांच्या जिवावर उठली त्याच काळात पोरांना घडवणारी मैदानं विकली जात होती. सॅडलबॅक १९८४ मध्ये बंद झालं, अॅस्कट १९९०च्या अखेरीस, कार्ल्सबॅड २००४ मध्ये. जमिनीचे भाव, विम्याचे हप्ते, आवाजाच्या तक्रारी ही कारणं पुणेकराला समजावून सांगायला नकोत.

स्टेडियमचा हाच खेळ पुढे आपल्याकडेही आला. पुण्यात बालेवाडीला २८ जानेवारी २०२४ रोजी इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. परदेशी स्वार, साडेचारशे सीसीच्या गाड्या, दिवे, गर्दी. गुडविननं बघितलं असतं तर त्याला घरी आल्यासारखं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी घरोघर पोरांनी बाबांना विचारलं असणार, मला हे कधी करता येईल?

तर बाबांसाठी थोडं. मोटार वाहन कायद्यानुसार गिअरची मोटरसायकल रस्त्यावर चालवायला १८ वर्षं लागतात. २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे मुलानं ट्रॅकपर्यंत गाडी चालवत जाणं बाद. गाडी टेम्पोतून न्यायची, बंदिस्त मैदानात उतरवायची. शर्यतीच्या डर्ट बाइकला नंबरप्लेट मिळतच नाही, त्यामुळे ही शिस्त आपोआप लागते.

गाडी निवडताना आपल्याकडे हमखास चूक होते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात २०० सीसीची ट्रेल बाइक देतात. हिरोची एक्सपल्स चांगली गाडी आहे, पण तिचं वजन दीडशे किलोंच्या वर. कावासाकीची अस्सल शर्यतीची केएक्स २५० शंभर-एकशेदहा किलोंतच बसते आणि ६५ सीसीची केएक्स साठेक किलोंची असते. पडलेली गाडी मुलाला एकट्यानं उचलता आली पाहिजे, एवढी कसोटी लावली तरी निम्मे घोळ टळतात. छोटी केएक्सही स्वस्त नाही, हे खरं. म्हणूनच आपल्याकडची मुलं जुन्या आरएक्स १०० नाहीतर हिरो इम्पल्सवर शिकली, नोव्हिस आणि लोकल गटांत उतरली, आणि बाप मेकॅनिक झाला.

आधी बूट, हेल्मेट, गॉगल, छातीचं आणि गुडघ्याचं कवच, मानेचा पट्टा. गाडी नंतर. मग फूटरेस्टवर उभं राहणं, गुडघ्यांनी टाकी धरणं, कोपरं बाहेर, नजर पुढच्या वळणावर. सपाट मैदानात इंग्रजी आठचा आकडा घालत क्लच आणि पुढचा ब्रेक बोटांत मुरवायचे. उडी सगळ्यात शेवटी. मोबाइलवर फक्त उड्याच दिसत असल्यामुळे हा क्रम सांगणारा प्रशिक्षक मुलांना रटाळ वाटतो. असाच रटाळ प्रशिक्षक शोधावा.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं सोळा वर्षांखालच्या मुलांनी ऑफ-रोड वाहनं चालवूच नयेत, असा सल्ला दिलेला आहे. त्याच देशात टेनेसीत गायिका लॉरेटा लिन हिच्या रँचवर १९८२ पासून हौशी स्वारांची राष्ट्रीय स्पर्धा भरते आणि तिथे चार वर्षांची पोरंही उतरतात. दोन्ही बाजू वाचून माझं मत डॉक्टरांकडे झुकतं. लहान मुलांची हाडं वाढत असतात आणि वाढत्या टोकाशी झालेली मोड पुढे त्रास देते. सोळाव्या वर्षी सुरू करणाऱ्याला उशीर झाला असं म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावं.

आपल्याकडे स्टेडियम आलं, प्रायोजक आले, परदेशी स्वार आले. शाळकरी मुलाला दर रविवारी शंभर-दोनशे रुपयांत गाडी फिरवता येईल अशी मैदानं मात्र अजून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. पुणे, नाशिक, कोल्हापूरकडे ज्यांचं खडकाळ माळरान पडून आहे, त्यांनी बंगल्यांचे प्लॉट पाडायच्या आधी तिथले चार-पाच एकर या पोरांना देऊन पाहावेत. तारेचं कुंपण, पाण्याचा टँकर आणि फाटकाशी उभी एक रुग्णवाहिका, सुरुवातीला एवढ्यावर भागतं.