पांढरी पाचमध्ये गुणगुणणारा ॲम्प्लिफायर

लातूरच्या मामांचा जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर मी एसटीत मांडीवर घेऊन नांदेडला आणला. चांगलं वजनदार धूड; अहमदपूर येईपर्यंत पाय बधिर झाले. दुखणी दोन होती. उजवी बाजू पार मुकी, आणि डावीकडून गाण्याच्या खाली सतत चालू असलेलं ‘हंऽऽ’.

वजिराबादेतले दुरुस्तीवाले काका संध्याकाळी भजनी मंडळात पेटी वाजवतात. त्यांनी स्क्रू ड्रायव्हरला हातही लावला नाही. व्हॉल्यूम शून्यावर आणला. गाणं थांबलं, गुणगुण मात्र तेवढीच राहिली. कान जवळ नेऊन म्हणाले, “हे कशात वाजायलंय, सांगा बरं? पांढरी पाच. जराशी चढी. फिल्टर कंडेन्सर गेलाय.”

मला वाटलं, थट्टा करतायत. पण हिशेब मांडला तर तो तंतोतंत जुळतो.

आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे हेलकावे खाते. ॲम्प्लिफायरला लागते एकाच दिशेची वीज. म्हणून ट्रान्सफॉर्मरनंतरचे डायोड लाटेचा खालचा अर्धा भाग उचलून वर ठेवतात. आता एका हेलकाव्यात एकाऐवजी दोन उंचवटे होतात, म्हणजे सेकंदाला १००. त्यांच्यामधले खड्डे बुजवायचं काम फिल्टर कंडेन्सरचं. लातूरकराला हे समजावून सांगायची गरज नाही: नळ येतो तेव्हा टाकी भरायची, नसतो तेव्हा तिच्यातून पुरवायचं. टाकीच लहान झाली, तर सेकंदाला १०० वेळा पाणी तुटतं आणि ते तुटणं स्पीकरमधून ऐकू येतं. पेटीची पांढरी पाच, दोन सप्तकं खाली उतरवली, तर ९८ कंपनांच्या आसपास येते. १०० म्हणजे तीच, थोडी चढी.

यातली गंमत पुढे आहे. गुणगुण कंडेन्सरची नसून तुटलेल्या शील्डची किंवा बिघडलेल्या अर्थिंगची असेल, तर ती थेट ५० ची येते. निम्मी कंपनं म्हणजे स्वर तोच, सप्तक खालचं! दोन वेगळे आजार एकाच स्वरात बोलतात, फक्त एक खर्जात. दोन्हींत वरचे स्वर मिसळलेले असतात, त्यामुळे कान तयार हवा, काकांचा आहे. अमेरिकेत वीज ६० ची, म्हणून तिथली गुणगुण १२० वर, काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधे कुठेतरी. देश बदलला की दुखण्याची पट्टी बदलते.

अर्थिंगवरून आठवलं. चांगल्या ॲम्प्लिफायरमध्ये अर्थच्या सगळ्या तारा एकाच ठिकाणी येऊन मिळतात, जसे लातूरच्या गंजगोलाईत १६ रस्ते मिळतात. त्यातल्या दोन रस्त्यांना बाहेरून जोडणारी एखादी गल्ली कुणी काढली, की वर्तुळ तयार होतं, आसपासच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकत्व त्यात वीज फिरवतं, आणि खर्ज सुरू.

कंडेन्सर म्हणजे आत ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या, मधे द्रवात भिजवलेला कागद, सगळं गुंडाळून डबीत बंद. वीज साठवायचं काम करतो पट्टीवरचा ऑक्साईडचा थर. केसाच्या जाडीचे पाचशे पापुद्रे काढले, तर त्यातला एक जेमतेम एवढा असेल. द्रव वाळला की कंडेन्सर मेला. ढोबळ नियम असा, की दर १० अंश सेल्सिअस उष्णतेला आयुष्य निम्मं होतं. ८५ अंशांना २,००० तास टिकेल असं गृहीत धरलेला कंडेन्सर ६५ ला ८,००० तास चालतो, ४५ ला ३२,०००. रोज चार तास गाणी ऐकली तर एक साडेपाच वर्षं, दुसरा जवळजवळ बावीस. आमच्याकडे मे महिन्यात खोलीच ४२ ला टेकलेली असते, आणि मामींनी ॲम्प्लिफायरवर क्रोशाचा रुमाल घातला होता, नेमका हवेच्या जाळीवर. दोष कुणाला द्यायचा?

आता मुकी उजवी बाजू. काकांनी आधी पाठीमागच्या तारा डावी-उजवी बदलल्या: आधी इनपुटच्या, मग स्पीकरच्या. इनपुट बदलूनही मुकेपण उजवीकडेच राहिलं, म्हणजे दोष टेपचा नाही. स्पीकरच्या तारा बदलल्यावर ते दुसऱ्या स्पीकरमध्ये गेलं, म्हणजे स्पीकरही निर्दोष. मधे राहिला ॲम्प्लिफायर. झाकण न काढता निम्मी दुरुस्ती!

झाकण काढल्यावर स्टिरिओचं खरं वरदान कळतं. आत दोन चॅनेल अगदी सारखे, एक धडधाकट, एक आजारी. सर्किटचा नकाशा हाती नसला तरी चालतं. मल्टिमीटरची काळी टोकणी अर्थला ठेवायची आणि लाल टोकणी डाव्या-उजव्या जोडीच्या बिंदूंवर आळीपाळीने टेकवायची. लातूर पॅटर्न ज्या गावाने काढला, तिथल्या माणसाला सांगायला बरं वाटत नाही, पण ही शेजाऱ्याची कॉपी करून पास होण्याची परीक्षा आहे. डाव्या बाजूच्या छोट्या ट्रान्झिस्टरच्या पायावर ११ व्होल्ट, उजव्या तसल्याच पायावर शून्य. मागे गेलं तर काळवंडलेला रेझिस्टर, आणि त्याच्यापुढे शॉर्ट झालेला चिमुकला कंडेन्सर. रेझिस्टरने मरता मरता बाकीचं वाचवलं होतं.

पुढच्या पॉवर सेक्शनमध्ये हे इतकं सोपं नसतं. २ ऑगस्ट १९२७ ला हॅरल्ड ब्लॅक या अभियंत्याला हडसन नदीवरच्या फेरीबोटीत कल्पना सुचली, आणि हाताशी होतं त्या वर्तमानपत्रावरच त्याने ती उतरवली: बाहेर आलेला आवाज थोडा परत आत पाठवायचा आणि मूळ आवाजाशी ताडून बिघाड कापायचा. आवाज शुद्ध झाला, पण दुरुस्ती अवघड झाली. शेवटाची वीज सुरुवातीला परत येते, म्हणून एक ट्रान्झिस्टर बिघडला की सगळीकडचे आकडे खोटं बोलतात. तिथेही निरोगी चॅनेलशिवाय तरणोपाय नसतो.

रेझिस्टर आणि दोन्ही कंडेन्सर, फिल्टरचा आणि हा चिमुकला, बदलून झाल्यावर काकांनी वीज थेट दिली नाही. मधे १०० वॅटचा जुना पिवळ्या उजेडाचा बल्ब सिरीजला लावला. एलईडी इथे कामाचा नाही. सगळं ठीक असेल तर कंडेन्सर भरताना बल्ब क्षणभर भक्कन पेटतो आणि मंदावतो. पेटलेलाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, पण बाकीचे पार्ट जळायचे वाचतात. आमचा बल्ब पेटला, लाल झाला, विझला. दोघंही नकळत श्वास रोखून बघत होतो.

बल्ब काढला, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून कान लावला. काही नाही. पांढरी पाच गेली होती.

मामांची आवडती कॅसेट लावून मी त्यांना फोन केला. ते बराच वेळ ऐकत राहिले, मग म्हणाले, “अरे, तबला नेहमी डावीकडून यायचा.” फोनवर डावं-उजवं कळत नाही, म्हणून मी समोर पाहिलं. तबला उजवीकडून येत होता; स्पीकरच्या बदललेल्या तारा परत जागेवर लावायच्या राहिल्या होत्या.