फिजिओथेरपीतून एमबीबीएस : वाट पुन्हा नीटमधूनच

वसई-विरारच्या क्लिनिकमध्ये दिवसभर गुडघे-खांदे हलते करणाऱ्या फिजिओथेरपिस्टला एमबीबीएस करायचं, तर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश नाही. शरीररचनाशास्त्र एकदा शिकून झालं असलं, तरी सूट मिळत नाही. अकरावी-बारावीचं भौतिक, रसायन, जीवशास्त्र पुन्हा उघडायचं आणि नीट ही प्रवेश परीक्षा द्यायची : 180 प्रश्न, 720 गुण. खरी दमछाक होते भौतिकशास्त्रात. ते बारावीनंतर मागे पडलेलं असतं.

वयाची कमाल अट 2022 मध्ये निघाली, हा मोठाच दिलासा. पुढे इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं. या काळात क्लिनिक चालवणं जवळपास अशक्य, म्हणून फीइतकाच घरखर्चाचाही हिशेब आधी मांडावा. वसई-विरारकरांना आपल्याच पालघर जिल्ह्यात शिकायचं असेल, तर डहाणू तालुक्यात वेदांता हे खासगी वैद्यकीय महाविद्यालय आहे.