सुरीला धार किती हवी?

हातावरचे केस उडतील इतकी धार हवी, असं हौशी मंडळी सांगतात. स्वयंपाकघरात ती काय करायचीय? पिकलेला टोमॅटो घ्या, सुरी त्यावर टेकवा आणि न दाबता ओढा. साल लगेच कापली गेली, तर धार पुरेशी. साल आत दबून सुरकुतली, तर सुरी धार लावायच्या दगडावर न्यायची वेळ झाली.

पात्याच्या दोन बाजू जिथे मिळतात, ती कड म्हणजे धार. ती वस्तऱ्यासारखी निमुळती केली, तर लाल भोपळ्याच्या सालीवर मुडपते, हाडावर तिचा टवका उडतो. म्हणून रोजच्या सुरीला प्रत्येक बाजूने १५ ते २० अंशांचा उतार पुरतो. हाडं तोडायच्या सुऱ्याला त्याहून जाड कड हवी. आरशासारखी चकाकीही नको. १००० नंबरच्या दगडावर घासल्यावर कडेला जे बारीक दाते उरतात, तेच टोमॅटोची साल पकडतात.

बोथट सुरी मात्र वाईटच. जोर लावावा लागतो, पातं घसरतं आणि बोट सापडतं. कांदाही चिरण्याऐवजी चिरडतो, मग डोळ्यांना धारा.

आणि एक, धार टिकवायची तर ग्रॅनाइटच्या ओट्यावर थेट भाजी चिरू नका. लाकडी फळी घ्या.