खुला व्यापार आणि अमेरिकी कामगार
अमेरिकेत अर्थतज्ज्ञ, उद्योगपती आणि दोन्ही पक्षांचे बहुतेक बडे नेते खुल्या व्यापाराच्या बाजूने होते. कामगार संघटना मात्र विरोधात. १९९४ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या देशांमधला नाफ्टा हा खुल्या व्यापाराचा करार लागू झाला, २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. स्वस्त माल सगळ्यांना मिळाला, नुकसान मात्र ठरावीक गावांच्या वाट्याला आले. नॉर्थ कॅरोलायनातले फर्निचरचे, कापडाचे अनेक कारखाने बंद पडले. बेकार झालेला कामगार दुसरीकडे सहज सामावला जाईल, हे गृहीतक फोल ठरले. घरदार आणि हातचे कसब सोडून माणसे सहजासहजी हलत नाहीत. त्यांना मिळालेली सरकारी मदत तुटपुंजी होती, आणि ही हेळसांड अक्षम्यच म्हटली पाहिजे. ही नाराजी २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत दिसली: रिपब्लिकन ट्रम्प आणि डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागणारे सँडर्स या दोघांनीही पॅसिफिक परिसरातल्या देशांशी होऊ घातलेल्या व्यापार कराराला विरोध केला. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिका त्यातून बाहेर पडली.